पुतळा ही चूक नाहीये ओ

जेन ऑस्टिनच्या प्राईड अँड प्रेज्युडिस पुस्तकात नायक डार्सीचं पेंटिंग आणि २००५ च्या त्याच नावाच्या पिक्चरमध्ये संगमरवरी पुतळा, म्हणून ती कंटिन्युइटीची चूक (म्हणजे एका शॉटमधली गोष्ट दुसऱ्या शॉटशी न जुळणं) असं कुणीतरी म्हटलंय, ते काय पटलं नाही. तो मुद्दाम केलेला बदल आहे. खरी गंमत तर वेगळीच, ऑस्टिनच्या कादंबरीत नायिका एलिझाबेथ मामा-मामीबरोबर फिरायला निघते तेव्हा वाटेतल्या ठिकाणांत चॅट्सवर्थ या इंग्लंडमधल्या खऱ्याखुऱ्या हवेलीचं नाव येतं, डार्सीची हवेली पेंबर्ली वेगळी, आणि पिक्चरवाल्यांनी पेंबर्ली म्हणून शूट केलं ते चॅट्सवर्थच!

चूक कशाला म्हणतात ते मला विचारा. सोलापुरात लग्नाची शूटिंगं करतो, मागच्या सीझनला सिद्धेश्वर तलावावर एक प्री-वेडिंग गाणं दोन दिवस घेतलं, पहिल्या दिवशी पोरीचं घड्याळ डाव्या हातात, दुसऱ्या दिवशी उजव्या, आणि माझं लक्ष सगळं उन्हाकडं. एडिटिंगला बसलो तर एका कडव्यात घड्याळ चारदा हात बदलतंय. शेवटी क्लोजअप कापून मधे पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब घातलं, तरी एक शॉट राहिलाच. नवरा-नवरीला कळलंसुद्धा नाही, तिच्या काकूनं मात्र पहिल्याच झटक्यात धरलं.