'संयुक्त संस्थाने' : यातलं 'संस्थान' कुठलं?

प्रश्न :
अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं मराठी करतेय आणि शेवटच्या परिच्छेदावर अडून बसले आहे. तिथल्या 'स्टेट्स'ना काय म्हणायचं? 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' हे शाळेपासून कानावर आहे. पण संस्थान म्हटलं की मला सांगली, औंध, सावंतवाडी आठवते. राजा, दिवाण आणि वर इंग्रजांचा रेसिडेंट. ज्यांनी राजालाच झुगारलं त्यांच्या मुलखाला संस्थान कसं म्हणू? वर्तमानपत्रं 'राज्य' लिहितात. तेच घेऊ का?

प्रतिसाद :
संस्थानाला राजा लागतोच असं नाही. शिर्डीचं संस्थान आहेच की. स्वतःचं उत्पन्न, स्वतःचा कारभार, एवढं असलं तरी मराठीत संस्थान होतं. उलट 'राज्य' या शब्दाच्या तर मुळातच राजा बसलाय!

प्रतिसाद :
राजा आहे की नाही यापेक्षा वर कोणी आहे की नाही, हा खरा मुद्दा आहे. आपली संस्थानं कुणाची तरी मांडलिक होती, ती खालसा होऊ शकत होती. जाहीरनाम्यातल्या 'स्टेट'च्या डोक्यावर कोणीच नाही. पुरावा तुम्ही अडलात त्याच परिच्छेदात आहे. या वसाहती स्वतंत्र 'स्टेट्स' आहेत असं म्हटल्यावर लगेच पुढे ग्रेट ब्रिटनच्या 'स्टेट'शी असलेला राजकीय संबंध तोडलाय. ब्रिटनलाही तोच शब्द! म्हणजे तेरा वसाहतींतलं चिमुकलं डेलावेअर आणि ब्रिटन एका पंगतीला. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा जेफरसन आणि त्याच्या सहकाऱ्यांची सगळी छाती या एका शब्दात आहे आणि अनुवादात ती जाता कामा नये.

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. १७८१ मध्ये लागू झालेल्या परिसंघाच्या कलमांत (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे अमेरिकेची पहिली घटना) प्रत्येक राज्याचं सार्वभौमत्व शाबूत ठेवलं होतं. काँग्रेसला, म्हणजे या राज्यांच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवता येत नसे, राज्यांकडे पैसे मागावे लागत. आयातीवर पाच टक्के जकात बसवायचं ठरलं तेव्हा एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि बेत बारगळला, कारण तेराही राज्यांचा होकार लागत होता. स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिस तहातसुद्धा ब्रिटनच्या राजाने तेराही नावं एकेक करून घेतली आहेत.

आजचं आपलं 'राज्य' याहून वेगळं. आपल्याकडे संसद कायदा करून राज्याची हद्द बदलते, नवं राज्य करते. संबंधित विधानसभेचं मत मागवतात, पण संमती लागत नाही. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून त्याच्या हद्दीतून दुसरं राज्य काढता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत हा फरक स्पष्ट केला होता : आपला संघ राज्यांनी आपसात करार करून झालेला नाही, म्हणून त्यातून फुटून निघण्याचा हक्कही कुठल्या राज्याला नाही. 'फेडरेशन' टाळून 'युनियन' घेतलं ते यासाठी.

प्रतिसाद :
हा शब्दांचा वाद तिथेही झाला बरं का. अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेच्या आधीच्या मसुद्यात 'आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स… या राज्यांचे लोक' अशी यादी होती. शेवटचा हात फिरवताना गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे) ती काढून 'आम्ही युनायटेड स्टेट्सचे लोक' केलं. कारण नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना लागू होणार होती, पण कुठली नऊ हे आधी कोण सांगणार? पुढच्या वर्षी ही घटना मान्य करायची का हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या सभेत तिचा विरोधक पॅट्रिक हेन्री याने नेमकं यावरच बोट ठेवलं. 'आम्ही राज्ये' न म्हणता 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार यांना दिला कुणी? त्याला काय निसटतंय ते अचूक कळलं होतं.

एक मात्र 'संयुक्त संस्थाने'च्या बाजूने सांगतो. त्यातलं अनेकवचन. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८६५ च्या घटनादुरुस्तीतसुद्धा युनायटेड स्टेट्सला अनेकवचनी सर्वनाम आहे. आज इंग्रजीत ते एकवचनी झालं, आपल्या मराठी नावाने जुनं वचन जपून ठेवलंय. देशाच्या नावातून ते काढू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. 'इंग्रजांचं राज्य', 'शिवाजी महाराजांचं राज्य' म्हणताना आपल्या मनात जो अर्थ असतो, त्या अर्थाने 'राज्य'च घेते. ब्रिटनलाही तोच शब्द लावता येतो. शिवाय 'फ्री' आणि 'इंडिपेंडंट' दोन्हींना 'स्वतंत्र' लागत होतं, तेही सोडवलं. सध्या असं झालंय :

'या संयुक्त वसाहती मुक्त आणि स्वतंत्र राज्ये आहेत, आणि न्यायाने तशीच असायला हवीत. … त्यांचा आणि ग्रेट ब्रिटनच्या राज्याचा सर्व राजकीय संबंध संपूर्ण तुटला आहे, आणि तुटायलाच हवा.'

मूळ 'ऑफ राइट'साठी 'न्यायाने' की 'हक्काने'? मला 'हक्काने' जास्त जवळचं वाटतं, पण 'हक्काने मागणे'मधली घरगुती छटा त्यात येते.