शिष्यत्वाची 'किंमत मोजणे' की शिष्यत्व 'पत्करणे'?

(तिघांचा संवाद; बोलणाऱ्याची ओळख गावाच्या नावाने.)

फोंडा: ख्रिस्ती शिष्यत्वाबद्दल, म्हणजे येशूच्या मागे जाण्याबद्दल, लिहिताना 'शिष्यत्वाची किंमत मोजणे' असे सर्रास लिहितात. मला ते खटकते. मराठीत किंमत मोजावी लागते ती बहुधा मागाहून आणि नाइलाजाने: 'हट्टाची किंमत मोजली'. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात, येशूच्या दाखल्यांत, क्रम उलटा आहे. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. २०,००० फौज घेऊन येणाऱ्याला आपल्या १०,००० नी तोंड देता येईल का, याची राजा आधी मसलत करतो. त्याला शब्द कोणता?

म्हापसा: 'हिशेब करणे' घ्या ना. साधा आहे, सगळ्यांना कळतो.

मडगाव: ताई, हिशेबात काटकसरीला जागा असते. परवडत नसेल तर बुरूज लहान बांधता येतो. इथे मात्र ३३व्या वचनात आकडा आधीच सांगून टाकलाय: सर्वस्व. तेव्हा किती जाणार हा प्रश्नच उरत नाही, आपली तयारी आहे का एवढेच बघायचे. म्हणून मला 'पत्करणे' जवळचे वाटते. जोखीम पत्करतात, गरिबी पत्करतात. पुढ्यात काय वाढून ठेवलेय ते त्या माणसाला ठाऊक असते. गोव्यात बाणावलीला १६५१ साली जन्मलेले कॅथलिक पाद्री जुझे वाज पाहा. सिलोनात (आजच्या श्रीलंकेत) डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केलेली, तरी १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात तिथे उतरले. कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना तुरुंगात टाकले. सुटल्यावरही तिथेच राहिले, १७११ मध्ये तिथेच वारले. गोव्याला परत आलेच नाहीत. जानेवारीत सांकवाळला त्यांचे फेस्त (सण) असते तेव्हा मला दरवेळी हेच आठवते.

फोंडा: पटले. पण पत्करतो एक आणि भोगतो दुसरा, त्याचे काय? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा काहीच पत्करले नव्हते, तरी नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने वर्षे काढावी लागली. पुढे १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, तो त्यांचा स्वतःचा निर्णय. त्या मधल्या वर्षांना कुठला शब्द?

मडगाव: 'सोसणे'. आणि हे फार महत्त्वाचे आहे, कारण लूकच्या त्याच अध्यायातल्या २६व्या वचनात, शिष्य होताना मागे ठेवायच्या माणसांत, आईबाप, बायको, मुले, भाऊ, बहिणी सगळे येतात. म्हणजे अंदाज घेणाऱ्याने घरच्यांकडेही बघायला हवे. बापाचा त्याग गाजतो, पोरांची उपासमार कुणी विचारत नाही, असे लिखाण मला वाचवत नाही. ज्याने आपणहून घेतले त्याने 'पत्करले', ज्याच्या वाट्याला आले त्याने 'सोसले', हा फरक लिहिताना पाळावाच.

म्हापसा: मग बुरुजाच्या वाक्यात 'खर्चाचा अंदाज' तसाच ठेवायचा?

मडगाव: तसाच. तिथे बांधकामाचीच भाषा आहे. लेखाच्या मथळ्यात मात्र 'शिष्यत्व पत्करताना' लिहा.