१४४ हर्ट्झचा मॉनिटर, पण फरक जाणवत नाही?
१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेऊनही फरक जाणवत नाही म्हणता, तर आधी विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून बघा. बरेचदा तिथे ६०च निवडलेलं राहतं. ६० हर्ट्झला साधारण १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ला ६.९ मिलिसेकंदांनी. नुसता माउसचा बाण गोल फिरवला तरी हा फरक डोळ्यांना कळतो, आणि एकदा सवय झाली की ६० खरंच नकोसं वाटतं!

यादीत १४४ दिसतच नसेल तर केबलवर संशय घ्या. मॉनिटर जोडायच्या एचडीएमआय केबलच्या जुन्या १.४ आवृत्तीवर तर फोर-के (३८४० × २१६० पिक्सेलचं) चित्र ३० हर्ट्झलाच अडकतं. माझं मत विचाराल तर सरळ डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या प्रकारची केबल वापरा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावा, मदरबोर्डला नको.