कैद्याचं अपील फेटाळायचंच आहे, तर दोन ओळी कारण लिहायला काय जातं?

काथ्याकूट: शिक्षा झालेला कैदी तुरुंगातूनच अपील करतो, अधीक्षक ते वर पाठवतात. त्यात काही दम नाही असं वाटलं, तर सरकारला नोटीसही न काढता न्यायालय ते फेटाळू शकतं. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३८४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४२५.) सत्र न्यायालयाला निदान कारणं लिहावी लागतात, उच्च न्यायालयावर मात्र कलमात तशी सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 'डिसमिस्ड' एवढ्यावर अपिलं निकाली काढलेली आहेत. १९५३ साली मुश्ताक हुसेन आणि १९७० साली गोविंदा कदम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून कान उपटले. माझ्या मते अपील कितीही पोकळ असो, कारण लिहाच.

निवृत्त शिरस्तेदार: अर्धवट सांगताय. वादाचा मुद्दा असेल तर कारणं द्या, असं ते निकाल म्हणतात. आम्ही पाहिलेत हो हे अर्ज. पानंच्या पानं भरलेली आणि मुद्दा एकच, 'पोलिसांनी मला गोवलं.' पंचनामा, साक्षी, जप्ती यांवर चकार शब्द नाही. अशांवर वेळ घालवायचा आणि ज्याच्या अपिलात खरंच जीव आहे त्याने वर्षानुवर्षं आत बसायचं?

काथ्याकूट: वादाचा मुद्दा होता की नव्हता, हे त्या एका शब्दावरून कळणार कसं?

ठाण्याची वकीलीण: १९७८ चा होसकोट खटला बघा. प्राध्यापकी करणारा माणूस. कर्नाटक विद्यापीठाचा बनावट शिक्का करून घ्यायला मुंबईत छपाईचे ठसे बनवणाऱ्या ब्लॉकवाल्याकडे गेला, त्याने पोलिसांना कळवलं. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड ठोठावला. (ही शिक्षा की चेष्टा!) उच्च न्यायालयाने ती ३ वर्षं केली. सर्वोच्च न्यायालयात अर्ज यायला चार वर्षांच्या वर उशीर, कारण निकालाची प्रत मिळाली नाही म्हणे. येरवडा तुरुंगाचं म्हणणं, दिली होती, दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. पोचपावती? नाही. अर्जात दम नव्हताच, तो फेटाळला. पण फेटाळतानाच न्या. कृष्णा अय्यर यांनी लिहिलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत द्या, लेखी पोच घ्या, ऐपत नसेल तर वकील द्या.

निवृत्त शिरस्तेदार: फेटाळलाच ना शेवटी? आणि तोवर गडी शिक्षा भोगून बाहेर आलेला. एवढ्या पानांचा त्याला काय उपयोग?

ठाण्याची वकीलीण: त्याला नसेल. त्याच्यानंतर आत गेलेल्यांना झाला.

निवृत्त शिरस्तेदार: असे निकाल शंभरात एखादे. बाकीच्यांचं काय? शिवाय फुटकळ कारण देऊन फेटाळलेलं अपील तुम्हाला चालणार आहे का? लगेच म्हणाल, साच्यातलं कारण आहे.

काथ्याकूट: म्हणेन की! पण तेवढं म्हणायला कागदावर काहीतरी लागतं. कैद्याला उद्या सरकारी खर्चाने वकील मिळालाच, तर तो 'डिसमिस्ड' या शब्दात चूक कुठे दाखवणार?