मदत हवी आहे : चहा स्वस्त होणार होता, तरी बोस्टनवाले का भडकले?

नमस्कार मंडळी,

लेक इथे न्यू जर्सीत आठवीत आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांवर तिला वर्गात बोलायचंय. इंग्लंडने कर लादले, वसाहतींनी बंड केलं, इथवर ठीक. पण आकडे बघायला बसलो आणि गाडी अडली.

कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवरून येणाऱ्या काकवीवर १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स जकात होती. १७६४ च्या शुगर ॲक्टने ती ३ पेन्सवर आणली. म्हणजे निम्मी! पुढे १७७३ च्या टी ॲक्टने ईस्ट इंडिया कंपनीला (हो, तीच) वसाहतींत थेट चहा विकायची मुभा मिळाली आणि भाव उतरणार होते. नेमक्या त्याच चहाच्या ३४२ पेट्या १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टन बंदरात फेकल्या गेल्या. "प्रतिनिधित्व नाही तर कर नाही" हे लेकीला पाठ आहे. पण "पैसे तर वाचतच होते ना, बाबा?" याला माझ्याकडे धड उत्तर नाही. कुणी सांगेल का?

प्रतिसाद : अहो, ते ६ पेन्स कागदावर. भरत कोण होतं? न्यू इंग्लंडातले (बोस्टनच्या आसपासच्या ईशान्येकडच्या वसाहतींतले) रम गाळणारे काकवी चोरून आणत, नाहीतर जकातवाल्याचे हात ओले करत. १७६३ ला सात वर्षांचं युद्ध संपलं, लंडन कर्जात बुडालेलं, मग पंतप्रधान ग्रेनव्हिलने वसुली खरोखरच सुरू केली. कागदपत्रांत खोट निघाली की जहाज जप्त, आणि खटला ज्युरी नसलेल्या ॲडमिरल्टी (सागरी) कोर्टात. गावची ज्युरी आपल्या माणसाला सोडून द्यायची, ती वाटच बंद. १७६८ मध्ये बोस्टनचा व्यापारी जॉन हॅनकॉकचं 'लिबर्टी' हे जहाज जप्त केलं तेव्हा अशी दंगल उसळली की जकात अधिकारी जीव मुठीत धरून बंदरातल्या किल्ल्यात पळाले.

चहाचं म्हणाल, तर १७७० मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडने १७६७ मध्ये लादलेले बाकी कर उठवले, चहावरचा मुद्दाम ठेवला, पार्लमेंटचा हक्क दाखवायला. शिवाय माल ठरावीक आडत्यांकडेच. बोस्टनच्या आडत्यांत मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे! इतर व्यापाऱ्यांनी काय माशा मारायच्या?

धागाकर्ता : धन्यवाद, हे पटलं. पण हा झाला व्यापाऱ्यांचा राग. १९ एप्रिल १७७५ ला, युद्धाची पहिली चकमक झाली त्या लेक्झिंग्टनला बंदुका घेऊन उभे राहिले ते बहुतेक शेतकरी. त्यांचं काय अडलं होतं?

प्रतिसाद : त्यांना चहाने नाही, चहाच्या शिक्षेने पेटवलं. १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद केलंच, वर मॅसॅच्युसेट्सच्या गावसभांवर गदा आणली: वर्षातून एकच सभा, जास्तीला गव्हर्नरची परवानगी. रस्ता, शाळा, गावचा कर, सगळं त्या सभेत ठरायचं. न्यायाधीशही गव्हर्नरच्याच मर्जीतले. त्याच सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्याच वुस्टरला हजारो शेतकऱ्यांनी कोर्टच भरू दिलं नाही. लेकीला तिथूनच सुरुवात करायला सांगा, चहाची गोष्ट वर्गात बाकी सगळे सांगतीलच.