माजी सैनिक गेटवरच का दिसतो? कालच्या पोस्टला उत्तर

निवृत्त नाईक, सिग्नल्स
काल इथे एकांनी लिहिलं, “फौजीला पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, आरक्षण आहे. तरी चाळिशीच्या आत बाहेर आला की सिक्युरिटीची टोपी घालून गेटवर बसतो, कारण त्याला शिकायचंच नसतं.” रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

१७ वर्षं मी सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलात, ऑप्टिकल फायबर जोडली. केसासारखी बारीक काच, जाड हातमोज्यात धरता येत नाही. उत्तर सिक्कीममध्ये रात्री लाइन तुटली की मोजे काढायचे, फायबर सोलायची, स्पिरिटने पुसायची, सरळ कापायची आणि मशीनमध्ये दोन टोकं जुळवायची. बोटं बधिर झाली की काखेत धरायची आणि पुन्हा लागायचं.

२०१९ ला बाहेर पडलो. पुण्यात एका कंपनीत याच कामाची जागा होती. मुलाखत घेणारीने डिस्चार्ज बुक चाळलं आणि विचारलं, “आयटीआयचं सर्टिफिकेट?” फौजेतला कोणता ट्रेड बाहेरच्या कोणत्या ट्रेडच्या बरोबरीचा, याची सरकारी यादी आहे. तिला ती माहीत नव्हती. मलाही त्या दिवशी नव्हती. आज हिंजवडीत एका गेटवर बारा तास उभा असतो. मागच्या महिन्यात गेटसमोरच्या खड्ड्यात ठेकेदाराची पोरं फायबर जोडत होती. तीनदा जॉइंट फेल गेला. खाली उतरून बघितलं तर क्लीव्हरचं, म्हणजे फायबर कापायच्या यंत्राचं, पातं झिजलेलं. फिरवून दिलं, चौथ्यांदा लागला. जागा सोडली म्हणून सुपरवायझरने मला झापलं. आता सांगा, शिकायचं कुणाचं राहिलंय?

पदवीधर, पाचवा प्रयत्न
काका, तुमच्या कामाला सलाम. पण आरक्षणाचा विषय पोस्टमध्ये आहे आणि तुम्ही तो टाळलात. केंद्रात गट क ला १० टक्के, सरकारी बँकांत साडेचौदा, राज्यात १५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच. वयाची सूट वेगळी. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की दहावी पास माणसाची १५ वर्षं सेवा झाली की केंद्राच्या गट क च्या पदांना तो पदवीधर धरला जातो. माझ्या बीएस्सीसाठी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलंय. सदाशिव पेठेत कॉटवर राहतो, एक वेळचं जेवण टाळतो. माझी पदवी आणि ती पदवी एकाच तराजूत?

हवालदाराची मुलगी
दादा, ती “फुकटची पदवी” माझ्या वडिलांकडे होती. ४१ व्या वर्षी बँकेच्या क्लासला बसले, शेजारी बाविशीची मुलं. शंभर प्रश्न, साठ मिनिटं. पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात घड्याळ लावून पेपर सोडवायचे, आई चहा ठेवायची आणि आम्हाला बोलू द्यायची नाही. इंग्रजीत दोनदा अडकले, तिसऱ्या वेळी पास झाले. पदवी कागदावर धरली म्हणून पेपर कुणी सोडवून दिला नाही. तुम्ही कॉलेजात होता त्या वयात ते कुपवाड्यात होते.

पदवीधर, पाचवा प्रयत्न
ताई, पेपर मीही देतो, पण कटऑफ दोघांचा वेगळा लागतो. आणि कॉलेज नव्हतं हे पूर्ण खरं नाही. इग्नूचा ज्ञानदीप प्रकल्प २००९ पासून आहे, सेवेत राहून पदवी घेता येते. ज्यांनी घेतली त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ज्यांनी नाही घेतली त्यांना सूट का?

निवृत्त नाईक, सिग्नल्स
फॉर्म मीही भरला होता. परीक्षेच्या आठवड्यात डोंगरावरच्या चौकीवर होतो, खाली उतरायला रस्ताच बंद. पुढच्या वर्षी बदली. तरीही तुझं एक मान्य करतो, माझ्या बॅचच्या दोघांनी तशाच हालात पदवी पूर्ण केली. मी चिकाटी सोडली.
पण तो नियम पूर्ण वाच. जिथे तांत्रिक शिक्षणाची अट आहे तिथे ही पदवी चालत नाही. म्हणजे जे मला येत नाही त्या टेबलावरच्या कामाला मी पदवीधर, आणि जे १७ वर्षं केलं त्याला आयटीआयसुद्धा नाही. तुझं भांडण माझ्याशी आहे का, मला सांग.

निवृत्त सुभेदार, सध्या सिक्युरिटी इनचार्ज
गेटवर उभं राहणं कमीपणाचं आहे असं इथे सगळेच धरून चाललेत, त्याचा राग येतो. मेस्कोचे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाचे, किती तरी जवान इमानाने हीच ड्यूटी करतात. माझ्या पोरांची फी याच टोपीवर भरली. पेन्शन कम्युट केली, म्हणजे तिचा काही हिस्सा आधीच एकरकमी उचलला, त्यातून घर बांधलं, ती पूर्ववत व्हायला १५ वर्षं. तोवर हातात २२ हजार येतात. चाळिशीत कोर्स करत बसू म्हणता, महिन्याचा किराणा कोण भरेल?

अग्निवीराचा मोठा भाऊ
तुम्ही सगळे ज्या १५ वर्षांवरून भांडताय, ती माझ्या भावाच्या वाट्याला येणारच नाहीत. २०२३ च्या जानेवारीत बेळगावला ट्रेनिंगला गेला. चार वर्षं, मग शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम. बाकीच्यांना सेवानिधीचे, म्हणजे पगारातून कापलेले आणि सरकारने तेवढेच घातलेले, ११.७१ लाख आणि घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. निमलष्करी दलात राखीव जागा आहेत, पण भरतीला पुन्हा उभं राहायचंच. दहावीवर गेला होता, बारावी एनआयओएस या मुक्त शाळेतून होईल, पुढे इग्नूच्या पदवीचे निम्मे क्रेडिट ट्रेनिंगमधून मिळतात. उरलेले निम्मे त्यालाच भरायचेत. आणि वडिलांनी आत्ताच घराच्या स्लॅबच्या खर्चाचा अंदाज काढून आणलाय. कागद टीव्हीमागे खोचून ठेवलाय, रोज काढून बघतात. त्या पैशातून पोराच्या शिक्षणाला काही ठेवा म्हटलं तर माझ्याशी बोलणं बंद.

मूळ पोस्ट लिहिणारा
सगळं वाचलं. “शिकायचंच नसतं” हे शब्द मागे घेतो, फायबरचा किस्सा वाचल्यावर ते टिकत नाहीत. पण एक सोडत नाही. निवृत्तीच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात. माझ्या सख्ख्या मेहुण्याने तो काळ घराचं बांधकाम बघण्यात घालवला आणि आता मलाच नोकरी बघ म्हणतो. पोस्ट लिहिली ती त्या रागात.

हवालदाराची मुलगी
मग मेहुण्याला बोलायचं होतं. लाखो लोकांना का बोललात?

निवृत्त नाईक, सिग्नल्स
अग्निवीराच्या भावाला सांगतो. त्याचा ट्रेड काय ते विचार, आणि बाहेर पडताना कौशल्याच्या दाखल्यावर तो स्पष्ट लिहून घे म्हणावं, नुसतं “जनरल ड्यूटी” नको. बरोबरीच्या ट्रेडच्या यादीची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माग. मी सहा वर्षं उशिरा मागितली.

अग्निवीराचा मोठा भाऊ
जनरल ड्यूटीच आहे काका.

पदवीधर, पाचवा प्रयत्न
मग त्याला आत्ताच गणित सुरू करायला सांगा. माझ्या जुन्या नोट्स आहेत, पत्ता कळवा, पाठवतो. दहावीला पदवी म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही, ते पटणारही नाही. रविवारी पेपर आहे, मी थांबतो.