चर्चा : पडीक जीपचा कॅम्पर (मुक्कामाची गाडी) जरूर करावा, पण पत्रा न कापता

घाटमाथा (धागाकर्ता) :

रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या मामांच्या वाडीवर महिंद्राची एक एमएम ५४० जीप कित्येक पावसाळे आंब्याखाली उभी होती. ती आता माझ्याकडे आली आहे. तिची दुरुस्ती आणि तिच्यात मुक्कामाची सोय अशी दोन्ही कामे मी हाती घेतली आहेत. त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे, ते चर्चेसाठी मांडतो. यंत्राचे काम जराही काटकसर न करता तळापासून करावे. मुक्कामाची सोय मात्र अशी असावी की चार बोल्ट सोडले की गाडी पूर्वीसारखी व्हावी. पत्रा कापून, बाके उपटून आणि वर पक्की खोली चढवून जो कॅम्पर तयार होतो, तो या गाडीला पेलत नाही.

पहिले कारण वजनाचे आहे. या जीपमध्ये प्यूजोच्या परवान्याने बनलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन आहे, त्याची ताकद साठ-बासष्ट अश्वशक्तीच्या पलीकडे नाही, पुढेमागे पाटे (पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत आणि माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. अशी गाडी भरलेल्या अवस्थेत वरंध किंवा आंबोलीचा घाट उतरते, तेव्हा दुसऱ्या गिअरचा आधार सोडला तर ड्रम तापतात आणि ब्रेक पकड सोडू लागतात. तिथे प्लायवूडची कपाटे, साठ लिटर पाणी आणि छतावरचा तंबू हे ओझे जिवावर बेतू शकते.

दुसरे कारण गंजाचे. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांनी वरचा पत्रा खराब होतो, तो दिसतो आणि डेंटर बदलूनही देतो. खरे नुकसान होते ते चेसिसच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) पोकळ भागात, पाटे अडकवणाऱ्या हँगरपाशी आणि बॉडी जिथे चेसिसवर टेकते त्या ब्रॅकेटांवर. म्हणून बॉडी उचलून चेसिस उघडी करावी, सँडब्लास्टिंग करून (वाळूच्या झोताने गंज काढून) इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंजरोधक अस्तर, मारावा, आणि मगच इंजिनाकडे वळावे. बरेच जण उलट करतात. आधी इंजिन बांधतात, डिझेलचा पंप आणि नोझल जुळवून (कॅलिब्रेट करून) घेतात, रंग काढतात, आणि पहिल्या खडबडीत वाटेवर हँगर सुटतो.

याच कामात एक गोष्ट फार सांभाळावी लागते. मालकी हस्तांतराच्या अर्जासोबत चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने उमटवलेला ठसा द्यावा लागतो, आणि इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत तो क्रमांक गंजाच्या पापुद्र्याखाली गेलेला असतो. माझ्या गाडीत पहिल्यांदा कागदावर नुसती काळी पट्टी आली. मिस्त्रींनी डिझेलने भिजवून पितळी ब्रशने हलक्या हाताने घासले, तेव्हा एकेक आकडा वर आला. तिथे ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंगचा झोत लागला असता, तर क्रमांकच पुसला गेला असता आणि गाडी कागदावर संपली असती.

झोपण्याची सोय सोपी आहे. मागची दोन बाके समोरासमोर असल्यामुळे त्यांच्यावर फळी आडवी टेकते. लांबी कमी पडते ती मागचे फाळके खाली सोडून, त्यावर पाय असलेली दुसरी फळी जोडून आणि वर ताडपत्री ओढून भरून काढता येते. यापेक्षा जास्त काही करावे, असे मला वाटत नाही.

मुळशीकर :

घाटमाथा, तुमची कळकळ पोहोचली, पण मुळातच हे काम करू नये असे माझे मत आहे. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही, आणि धडक बसली तर स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या दिशेने येतो. चेसिस कितीही चमकवली तरी यात बदल होत नाही. धुराचेही तसेच आहे. जुन्या डिझेल गाड्यांना पीयूसीसाठी (प्रदूषण चाचणीसाठी) धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचे) एकक एवढी सैल आहे, त्यामुळे गाडी चाचणीत उत्तीर्ण होईल. पण ज्या देवराईत आणि पठारावर आपण शुद्ध हवेसाठी जातो, तिथे तो धूर आपणच नेणार आहोत. खर्चही पाहा. आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये मोटारींसाठी ६०० रुपयांवरून ५,००० झाले, २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांना ते १०,००० झाले, वर राज्याचा पर्यावरण कर आहे आणि हे चक्र दर पाच वर्षांनी फिरते. एवढ्या पैशात आणि श्रमात एखादी वापरलेली बोलेरो घ्यावी, मागची सीट दुमडून गादी टाकावी आणि घरच्यांना निर्धास्तपणे सोबत न्यावे.

रानवाटा :

माझा विरोध अगदी उलट्या बाजूने आहे. गाडी वाचवायची असेल, तर ती वापरात राहिली पाहिजे, आणि बाकांवरच्या फळीवर माणूस जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक रात्रही काढू शकत नाही. सह्याद्रीत पाऊस आडवा येतो. हुडच्या (कापडी छताच्या) शिवणीतून पाणी झिरपते, सकाळपर्यंत गादी ओली होते, आणि दोन हंगामांत ती जीप पुन्हा आंब्याखाली जाते. त्यापेक्षा फायबरचे हलके छत बसवावे, ते पुढून बिजागरीवर उचलता यावे, आत पाठ सरळ करून बसता यावे. शंभर अँपिअर-तासांची एक लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण १,२८० वॉट-तास वीज देते. पंचेचाळीस वॉटचा छोटा फ्रिज निम्मा वेळ चालला तरी दोन दिवस निघतात. हे सारे बसवूनही वजन आटोक्यात ठेवता येते. ब्रेकची काळजी रास्त आहे, पण तिचा उपाय व्हॅक्यूम बूस्टर (ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि पुढे डिस्क ब्रेक (उघड्या चकतीचे, लवकर थंड होणारे) हा आहे. मुक्कामाची सोयच टाळणे हा नव्हे.

कागदपत्र :

रानवाटा यांच्या प्रतिसादातील एक बाब दुरुस्त करणे आवश्यक वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आली. बॉडीचा प्रकार आणि आसनसंख्या दोन्ही आरसीत असतात. त्यामुळे उघडणारे पक्के छत आणि काढून टाकलेली बाके या दोन्ही गोष्टी पासिंगच्या (परिवहन कार्यालयातील तपासणीच्या) वेळी अडवल्या जाऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करते, आणि तो रस्त्यावरच्या दंडापेक्षा कितीतरी महाग पडतो. धागाकर्त्यांची फळी ही या दृष्टीने सामानात मोडते, बदलात नाही.

जुनीजीप :

मी याही पुढे जाईन. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज (जुनी, जपलेली गाडी) म्हणून नोंदणी होऊ शकते, आणि त्यासाठी चेसिस, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. ही जीप अजून त्या वयाची नाही, पण एक दिवस होईल. तिच्या फ्लोअरला फळीसाठी पाडलेले भोकसुद्धा मला खटकते. बाकाचे मूळ बोल्ट वापरा.

घाटमाथा (धागाकर्ता) :

जुनीजीप यांची सूचना मान्य आहे, भोक पाडणार नाही.

मुळशीकर, सुरक्षिततेबाबत तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. म्हणूनच ही गाडी महामार्गावर शर्यत करण्यासाठी किंवा लहान मुलांना घेऊन रात्रीचा प्रवास करण्यासाठी नाही, हे घरात आधीच ठरले आहे. पण बोलेरोचा पर्याय माझ्या कामाचा नाही. ज्या वाटांवर मला जायचे आहे तिथे फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) लागतो, आणि रस्त्यावर नेहमी दिसणारी बोलेरो मागच्या दोन चाकांवरच चालते. शिवाय या जीपचे क्रॉस, व्हील सिलिंडर आणि पाटे असे सुटे भाग आजही तालुक्याच्या बाजारात मिळतात, तेव्हा धडधाकट होऊ शकणारी गाडी भंगारात देणे हा मला निव्वळ अपव्यय वाटतो. धुराबद्दल एवढेच सांगतो की नोझल आणि पंप नीट केल्यावर काळा धूर बराच कमी होतो. शून्य होत नाही.

रानवाटा, पावसाचा तुमचा मुद्दा सर्वांत खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. शिवणीला मेण लावून आणि हुडवर दुसरी ताडपत्री ताणून मी पाहणार आहे. तेवढ्याने भागले नाही, तर पावसाळ्यात मुक्काम गाडीत न करता गावातल्या देवळाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या पडवीत परवानगी घेऊन करेन. छत मात्र उघडणारे करणार नाही.

रानवाटा :

मग ती मुक्कामाची गाडी राहत नाही, मुक्कामापर्यंत नेणारी गाडी राहते, आणि आपला मतभेद नेमका तिथेच आहे. डिस्क ब्रेकचे तरी मनावर घ्या. तो बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर इथे लिहा, कारण हा प्रश्न माझ्यासकट अनेक जीपमालकांचा आहे.